आठ चुका दिसल्या तर कोणती दाखवायची?

मराठी शिकायला लागून काही महिने झालेला, मातृभाषा हिंदी असलेला प्रौढ विद्यार्थी साधारण असं लिहितो:

"काल मी नवीन घर पाहिला. घर मोठा आहे आणि त्याची खिडकी पण मोठा आहे. मी घरमालकाला बोललो. त्याने सांगितलं की तो भाडा कमी करणार. मी खूश झालो आणि घरला गेलो. उद्या मी माझा बायकोला तो घर दाखवणार."

असं पान समोर आलं की लाल पेन आपोआप चालू लागतं. पाहिला, मोठा, पुन्हा मोठा, घरमालकाला, भाडा, घरला, माझा, तो. आठ जागी रेघा, वर बरोबर रूपं, खाली "लिंगाकडे लक्ष द्या" असा शेरा, शेजारी दहापैकी पाच. पान परत मिळाल्यावर विद्यार्थी पाचाकडे बघतो, रेघांकडे बघतो, वही मिटतो. पुढच्या आठवड्यात "नवीन दुकान पाहिला" असं लिहून आणतो.

मी मराठी मातृभाषा नसलेल्या मोठ्या माणसांना मराठी शिकवते. माझी उदाहरणं त्यामुळे मराठीची आहेत, पण पद्धत कुठल्याही भाषेला लागू पडेल. माझ्या सगळ्या पद्धतीच्या मुळाशी एकच कसोटी आहे: शेरा वाचल्यावर विद्यार्थ्याला हाताने काहीतरी करावं लागलं पाहिजे. वरच्या पानात दुरुस्तीचं सगळं काम शिक्षिकेनेच करून टाकलं आहे. विद्यार्थ्यासाठी काही उरलेलंच नाही.

पहिलं वाचन पेन खाली ठेवून

आधी पूर्ण मजकूर पत्र वाचावं तसा वाचा. निरोप कळला का? कळला. माणसाने घर पाहिलं, भाडं कमी होणार आहे, तो खूश आहे, उद्या बायकोला घेऊन जाणार आहे. काही महिन्यांच्या शिक्षणात एवढं लिहिता येणं ही मोठी मजल आहे आणि ती शेऱ्यात नोंदलीच पाहिजे.

मग त्याला काय येतं ते शोधा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. त्याने "मी घर पाहिला" लिहिलं आहे, "मीने घर पाहिला" नाही. हिंदीत "मैंने" म्हणायची सवय असलेल्या माणसाला मराठीत "मी"ला "ने" लागत नाही हे वेगळं शिकावं लागतं. पुढच्याच ओळीत त्याने "त्याने सांगितलं" लिहिलं आहे. म्हणजे "ने" कुठे लागतो आणि कुठे नाही, हे त्याला पक्कं कळलेलं आहे. "घरमालकाला" हे सामान्यरूपही बघा. हिंदीत "मकानमालिक को" म्हणताना मूळ शब्द तसाच राहतो, मराठीत "मालक"चा "मालका" होतो, आणि तो त्याने केला आहे.

क्रियापद कर्माप्रमाणे बदलणं मात्र त्याला आयतं मिळालं आहे, कारण हिंदीतही "मैंने घर देखा", "मैंने खिड़की देखी" असंच चालतं. त्याचं कौतुक केलंत तर विद्यार्थ्याला ते पोकळ वाटेल. इंग्रजी किंवा तेलुगू बोलणाऱ्या विद्यार्थ्याने तेच लिहिलं असतं तर मी आवर्जून कौतुक केलं असतं. म्हणून विद्यार्थी कोणत्या भाषेतून आला आहे हे शिक्षकाला ठाऊक असायला हवं. त्या भाषेत बोलता आलं नाही तरी चालेल, पण तिच्यात लिंगं किती, क्रियापद वाक्यात कुठे येतं, "मला आवडतं"सारखी रचना आहे का, एवढं विचारून घ्या. विद्यार्थी आनंदाने सांगतात.

आता आठ चुका वेगळ्या करा

घर पाहिला, घर मोठा, भाडा, तो घर. या चार जागा एकाच मुळाच्या आहेत. हिंदीत दोनच लिंगं आहेत, घर आणि भाडा दोन्ही पुल्लिंगी. मराठीतलं नपुंसकलिंग त्याच्या डोक्यात अजून बसलेलं नाही. त्यामुळे ही एकच चूक चार वेळा झालेली आहे.

"खिडकी पण मोठा" वेगळी आहे. खिडकी हिंदीतही स्त्रीलिंगी आणि त्याने त्याच वाक्यात "त्याची" बरोबर लिहिलं आहे. आधी "घर मोठा" लिहिलं, त्या ओघात "मोठा" पुन्हा आला. पिट कॉर्डर या भाषाशास्त्रज्ञाने १९६७ साली हा फरक स्पष्ट मांडला: एक ती चूक जी विद्यार्थ्याच्या मनातला चालू नियम दाखवते, आणि दुसरी नुसती घसरण, जी नियम माहीत असूनही थकव्याने किंवा घाईने होते. घसरण आपणही मातृभाषेत रोज करतो. दोन्ही ओळखायचा सोपा उपाय म्हणजे वाक्याखाली रेघ मारून, काहीही न सांगता, मोठ्याने वाचायला लावणं. स्वतःच दुरुस्त केलं तर घसरण होती, विषय संपला. वाचूनही काही खटकलं नाही तर तिथे शिकवायची जागा आहे.

"घरला गेलो" आणि "घरमालकाला बोललो" या दोन ठिकाणी मी पेन उचलत नाही. प्रमाण मराठीत "घरी गेलो" आणि "घरमालकाशी बोललो" होतं हे खरं. पण "घरला" आणि "त्याला बोललो" म्हणणारे लोक जन्मापासून मराठी बोलत आले आहेत. विद्यार्थ्याने ते कुठेतरी ऐकून उचललं असेल तर त्याचा कान उघडा आहे, ही चांगली खूण. त्याला विचारते, "हे कुठे ऐकलंत?" आणि सांगते की असं बोलतात, औपचारिक लेखनात मात्र "घरी" आणि "शी" वापरा. माणसांच्या तोंडी असलेल्या भाषेला चूक म्हणणं मला पटत नाही, आणि तसं म्हटलं तर विद्यार्थी आजूबाजूची माणसं चुकीचं बोलतात असं समजून त्यांच्याकडून शिकणंच थांबवतो.

राहिलं "माझा बायकोला". इथे "माझ्या" हवं. हा प्रश्न खरा आहे, पण नपुंसकलिंगाइतका पसरलेला नाही. तो पुढच्या वेळी.

आठांतून एक निवडली. निवडताना मी तीन गोष्टी बघते: ती पुन्हा पुन्हा येते का, तिच्यामुळे अर्थाचा किंवा संबंधांचा घोटाळा होतो का, आणि ती दुरुस्त करायची त्याची तयारी झाली आहे का. तिसरी गोष्ट अनुभवाने कळते. अजून वर्तमानकाळात अडखळणाऱ्याला संकेतार्थ ("आलो असतो" अशी रूपं) शिकवायला गेलं तर दोन्ही बिघडतात.

संबंधांचा घोटाळा म्हणजे मुख्यतः तू आणि तुम्ही. एखादा विद्यार्थी वयाने मोठ्या, अनोळखी माणसाला "तू कुठे राहतोस?" विचारत असेल तर तेवढी एक गोष्ट मी रांग मोडून, त्याच दिवशी, पण एकटं गाठून सांगते. व्याकरण पूर्ण बरोबर असतं, म्हणून कुठलीच परीक्षा ती पकडत नाही. समोरचा माणूस दुखावला जातो आणि विद्यार्थ्याला कारण कळतच नाही.

शेरा

वरच्या पानाखाली मी हे लिहीन:

"सगळा निरोप मला एका वाचनात कळला. 'मी पाहि...' आणि 'त्याने सांगितलं', दोन्हीकडे 'ने'चा विचार बरोबर केलात. आता एक काम. 'घर' आणि 'भाडं' हे दोन शब्द नपुंसकलिंगी आहेत: ते घर, ते भाडं. या मजकुरात त्यांच्यामुळे चार जागी बदल होतो. त्या शोधा, बदला आणि मजकूर पुन्हा लिहा. खिडकीचं वाक्य एकदा मोठ्याने वाचा."

यात बरोबर रूपं मी लिहून दिलेली नाहीत. जागा किती आहेत ते सांगितलं, कुठे आहेत ते नाही. आकडा सांगितला की शोध आटोपशीर होतो. तीन सापडल्या, चौथी सापडत नाही, तेव्हा माणूस आपला मजकूर खरंच शब्द न् शब्द वाचतो. "तो घर" बहुधा शेवटी सापडतं.

अगदी नवख्या विद्यार्थ्याला एवढं जमत नाही. त्याच्यासाठी जागेवर खूण करा आणि समासात संक्षेप लिहा: लिंगासाठी लिं, सामान्यरूपासाठी सा, विभक्तीसाठी वि, काळासाठी का, शुद्धलेखनासाठी शु. पाच पुरेत. मी असे तक्ते पाहिले आहेत ज्यात पंधरा-वीस खुणा असतात. विद्यार्थ्याला मग भाषेआधी तो तक्ता शिकावा लागतो. आणि "शु" ही खूण शेवटी ठेवा. ऱ्हस्व-दीर्घाची रेघ मारणं सगळ्यात सोपं, म्हणून आपण तेच सगळ्यात जास्त करतो, आणि शिकणाऱ्याच्या बोलण्यात त्याने काहीच सुधारत नाही.

लिखाणातल्या व्याकरणाच्या चुका दुरुस्त करण्याचा उपयोग होतो की नाही, यावर अभ्यासकांचं एकमत नव्हतं. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ साली, असा उपयोग होत नाही, ही पद्धत सोडून द्या, असं ठामपणे लिहिलं. डाना फेरिस यांनी १९९९ साली त्याला उत्तर दिलं की नेमक्या, निवडक आणि समजेल अशा दुरुस्तीला सरसकट निरुपयोगी ठरवता येणार नाही. हा वाद वाचून एक गोष्ट मी मनाशी पक्की केली: जो मजकूर विद्यार्थी पुन्हा लिहिणार नाही, त्यावर मी दुरुस्ती करत बसत नाही. पुन्हा लिहिण्यासाठी वेळ घरी मिळत नाही, म्हणून वर्गातलीच पंधरा मिनिटं त्यासाठी राखून ठेवते. त्या वेळात मी फिरते आणि अडलेल्याला मदत करते. नवीन धडा थोडा मागे पडतो. पडू द्या.

दुसरा मजकूर बरोबर आला म्हणजे शिकला असं होत नाही. दोन आठवड्यांनी वेगळा विषय द्या, ज्यात दुकान, पुस्तक, गाव, काम असे शब्द येणारच. तिथे "नवीन दुकान पाहिलं" आलं तर मूल्यमापन झालं. ही तारीख मी पहिल्याच शेऱ्याच्या वेळी माझ्या वहीत टाकून ठेवते, नाहीतर ती तपासणी कधीच होत नाही.

तोंडी बोलताना

इथे मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण वर्गातला बहुतेक फीडबॅक तोंडी असतो आणि तो विद्यार्थ्यापर्यंत पोचला का हे आपण तपासत नाही.

विद्यार्थी म्हणतो, "काल मी एक पुस्तक वाचलो."
आपण म्हणतो, "अरे वा, पुस्तक वाचलंत? कोणतं?"
तो म्हणतो, "हो. प्रवासाचं."

आपल्याला वाटतं दुरुस्ती झाली. त्याला वाटतं गप्पा चालू आहेत. त्याचंही चूक नाही, गप्पाच चालू होत्या. रॉय लिस्टर आणि लैला रांता यांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास करून १९९७ साली लिहिलं की शिक्षकांच्या निम्म्याहून अधिक दुरुस्त्या याच प्रकारच्या होत्या, म्हणजे बरोबर रूप सहज उच्चारून पुढे जायचं. आणि विद्यार्थ्याने त्यावर काहीतरी प्रतिसाद दिला असं जेमतेम एक तृतीयांश वेळा झालं. उलट जिथे शिक्षकाने उत्तर न देता विद्यार्थ्याकडूनच ते काढून घेतलं, तिथे तो दर वेळी काहीतरी बोललाच.

काढून घ्यायचं कसं? याच वाक्यात बघू. "वाचलो" कुठून आलं याचा आधी विचार करा. बहुधा "मी मराठी शिकलो" या वाक्यावरून. ते बरोबर आहे, कारण "शिकणे" हे क्रियापद कर्म असूनही कर्त्याप्रमाणे चालतं. विसरणे, बोलणे यांचंही तसंच. विद्यार्थ्याने नियम बनवला आणि तो "वाचणे"ला लावला. ही आळसाने झालेली चूक नाही, विचार करून झालेली आहे. मग मी थांबून म्हणते:

"'मी मराठी शिकलो' बरोबर. 'वाचणे' मात्र 'पाहणे'सारखं. मी घर...?"
"मी घर पाहिलं."
"आणि मी पुस्तक...?"
"वाचलं. मी पुस्तक वाचलं."
"हं. प्रवासाचं होतं म्हणालात. कुठला प्रवास?"

अर्ध्या मिनिटाचं काम. शेवटचा प्रश्न विसरू नका. दुरुस्तीनंतर परत विषयावर आलं नाही तर विद्यार्थ्याच्या लक्षात राहतं की आपण जे सांगत होतो त्यात शिक्षिकेला रस नव्हता.

दर वाक्याला असं थांबवायचं नाही, हे सांगायला नको. माझा रिवाज असा: नियमाचा सराव चालू असेल तर लगेच थांबवते, माणूस मनापासून काही सांगत असेल तर अजिबात थांबवत नाही, कागदावर वाक्यं टिपून ठेवते. तास संपायच्या आधी त्यातली चार-पाच फळ्यावर लिहिते, नावं न घालता, आणि त्यात एक-दोन अगदी बरोबर वाक्यंही मिसळते. वर्ग जोड्यांनी ठरवतो कोणतं दुरुस्त करायचं. बरोबर वाक्यावर वाद झाला की ऐकण्यासारखा असतो, तिथे त्यांच्या डोक्यातले नियम बाहेर येतात.

उच्चाराबाबत एकच सांगते. आधी कान तपासा, मग जीभ. वेळ आणि वेल, काळ आणि काल, गोळा आणि गोला अशा जोड्या तोंड झाकून म्हणा आणि कोणता शब्द ऐकला ते बोटाने दाखवायला सांगा. ज्याला ळ आणि ल यांतला फरक ऐकूच येत नाही, त्याच्याकडून दहादा "वेळ" वदवून घेणं म्हणजे त्याला सर्वांसमोर शरमिंदा करणं. ऐकू यायला लागलं की उच्चार बराचसा मागोमाग येतो.

परीक्षा घेणार असाल तर

प्रश्न काढण्याआधी एका ओळीत लिहा: या परीक्षेनंतर मला काय ठरवायचं आहे? पुढच्या वर्गात पाठवायचं की नाही, पुढच्या महिन्यात काय शिकवायचं, की कुठल्या गटात बसवायचं? ही ओळ लिहिता येत नसेल तर परीक्षा पुढे ढकला.

युरोपीय परिषदेने २००१ साली भाषांसाठी जी चौकट प्रसिद्ध केली, तिच्यात ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या आहेत. तिचं मोल मला पातळ्यांपेक्षा वर्णनांच्या पद्धतीत वाटतं. तिथे "भूतकाळ येतो" असं नसतं, "अमुक परिस्थितीत अमुक करू शकतो" असं असतं. आपल्या वर्गासाठी अशी वाक्यं स्वतः लिहा: फोनवर भेटीची वेळ ठरवू शकतो, झालेली घटना क्रमाने सांगू शकतो, न पटलेली गोष्ट नम्रपणे सांगू शकतो. मग परीक्षा म्हणजे तेवढंच करायला लावणं. फोनवर वेळ ठरवता येते का हे पाहायचं असेल तर पाठीला पाठ लावून बसवा आणि ठरवू द्या. रिकाम्या जागा भरायला देऊन ते कळणार नाही.

जे मोजायचं तेच मोजा. ऐकण्याच्या चाचणीत उत्तर लिहायला लावलंत आणि शुद्धलेखनाचे मार्क कापलेत तर तुम्ही ऐकणं मोजलंच नाही. रिकाम्या जागांच्या उताऱ्याचंही असंच. ठरावीक अंतराने शब्द गाळण्याची ही युक्ती विल्सन टेलर यांनी १९५३ साली मांडली, तीही मजकूर वाचायला किती सोपा आहे हे मोजण्यासाठी; भाषाचाचणीत ती नंतर आली. मराठीत तिला एक अडचण आहे. प्रत्यय शब्दाला चिकटलेला असतो, त्यामुळे "शाळेत" गाळलं की शब्दही गेला, सामान्यरूपही गेलं आणि विभक्तीही. विद्यार्थ्याने "शाळेला" लिहिलं तर तीनपैकी दोन गोष्टी त्याला आल्या. याला अर्धा मार्क द्यायचा की शून्य, हे तपासायला बसण्याआधी ठरवा आणि उत्तरसूचीत लिहून ठेवा.

तोंडी परीक्षेत एसीटीएफएल ही अमेरिकेतली परकीय भाषांच्या शिक्षणाची संस्था तिच्या मुलाखतीत जो क्रम ठेवते तो मला फार आवडतो. सुरुवात सैल करणाऱ्या गप्पांनी, मग आरामात जमेल त्या पातळीचे प्रश्न, मग जिथे भाषा तुटते तिथपर्यंत नेणारे अवघड प्रश्न, आणि शेवटी पुन्हा जमणारी गप्पा. शेवटचा टप्पा वेळ कमी पडला म्हणून कापू नका. अवघड प्रश्नावर अडकलेल्या अवस्थेत माणूस खोलीबाहेर गेला तर त्याला आपण नापास झालो असंच वाटतं, मग मार्क काहीही पडोत.

बोलणं तपासताना चार रकाने मला पुरतात: निरोप पोचला का, ओघ, शब्द, अचूकता. पाचवा कधी कधी हवासा वाटतो, म्हणजे समोरच्याचं ऐकून बोलतो का. दोघांच्या संवादाची परीक्षा असेल तर तो घ्याच. बोलता बोलता मार्क देऊ नका. परवानगी घेऊन आवाज मुद्रित करा आणि नंतर ऐका. गोड, आत्मविश्वासाने बोलणाऱ्याच्या चुका समोरासमोर ऐकू येत नाहीत. चाचरणाऱ्याच्या मात्र आहेत त्याहून जास्त वाटतात.

मार्क

डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१२ साली इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शाळांतून तपासून घेतली. शंभरापैकी तिला कुठे ६४ मिळाले, कुठे ९८. शिक्षक बेजबाबदार होते म्हणून नाही, प्रत्येकाने वेगवेगळ्या गोष्टीला किंमत दिली म्हणून. निबंध तपासणाऱ्या कुणालाही हे नवल वाटणार नाही. यावर उपाय थोडे कंटाळवाणे आहेत, पण लागू पडतात. नावं झाका. एका विद्यार्थ्याचा पूर्ण पेपर तपासण्याऐवजी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा असं तपासा. गठ्ठा संपला की पहिले पाच पुन्हा वाचा. सुरुवातीला आपण कडक असतो की सैल, ते लगेच दिसतं. आणि सत्रातून एकदा तरी सहकाऱ्याबरोबर तेच तीन पेपर वेगवेगळे तपासून मार्क जुळवून बघा. फरक कुठे पडला त्यावर बोलणं हे मी पाहिलेलं उत्तम शिक्षक-प्रशिक्षण आहे.

मार्क आणि शेरा एकत्र देऊ नका. रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांचे तीन गट होते: एकाला फक्त मार्क, एकाला फक्त शेरा, एकाला दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा आणि टिकून राहिलेला रस दिसला तो फक्त शेरा मिळालेल्या गटात. मार्क जोडल्याबरोबर शेऱ्याचा फायदा दिसेनासा झाला. संस्थेला मार्क हवेच असतात, माझ्याही संस्थेला हवे असतात. म्हणून पहिल्या मजकुरावर फक्त शेरा देते आणि मार्क दुसऱ्या, सुधारून लिहिलेल्या मजकुराला. प्रगतिपुस्तकात तोच आकडा जातो. प्रौढ विद्यार्थी सुरुवातीला कुरकुरतात, "मॅडम, पण किती मिळाले?" मी सांगते, गुरुवारी लिहून द्या, मग सांगते.

कौतुकाबद्दल थोडं

"छान", "उत्तम", "तुम्ही हुशार आहात" हे शेरे मी बंद केले आहेत. क्लूगर आणि डिनिसी या अभ्यासकांनी १९९६ साली फीडबॅकवरचे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर कामगिरी घसरलेली आढळली. लक्ष कामावरून उडून स्वतःवर गेलं की असं होतं, असं त्यांचं म्हणणं. "हुशार" म्हटलेला माणूस पुढच्या वेळी अवघड वाक्य टाळतो, कारण हुशारी पणाला लागते. त्याऐवजी वाक्य दाखवा: "'पाऊस पडला असता तर आम्ही आलो नसतो', हे लिहायची हिंमत केलीत आणि जमलं." यात कौतुकही आलं आणि काय पुन्हा करायचं तेही कळलं.

सगळ्यात दुर्लक्षित राहतात ते वरच्या पातळीचे विद्यार्थी. त्यांचं बरोबर असतं, म्हणून त्यांना टिकमार्क मिळतो आणि वर्षानुवर्षं ते तिथेच राहतात. त्यांना चुका नकोत, पर्याय द्या. "मी त्याला मदत केली"च्या शेजारी लिहा: "त्याच्या मदतीला धावून गेलो, असं म्हटलं तर काय बदलतं?" उत्तर त्यांनी शोधून आणायचं.

वह्या पुष्कळ असतील तर

एवढं सगळं पस्तीस-चाळीस जणांसाठी कसं करायचं, हा रास्त प्रश्न आहे. दर आठवड्याला सगळ्यांच्या वह्या बारकाईने तपासता येणार नाहीत, तसा प्रयत्नही करू नका. वर्गाचे चार गट करा. एका आठवड्यात एकाच गटाला वर दाखवला तसा सविस्तर शेरा. बाकी तीन गटांच्या वह्या फक्त वाचा, वाचल्याची सही करा आणि वर्गात सगळ्यांना मिळून एक गोष्ट सांगा. कुणाची पाळी कधी ते आधीच जाहीर करा, म्हणजे या वेळी आपल्याला काही लिहिलं नाही म्हणून कुणी खट्टू होत नाही. ज्या गटाची पाळी असेल त्यातल्यांनी आपल्या मजकुराखाली एक प्रश्न लिहून आणायचा: "इथे 'ला' हवं की 'शी'?", "हे वाक्य फार लांब झालं का?" प्रश्न लिहिलेला नसेल तर वही परत देते आणि लिहून मागते. ज्याचा प्रश्न आहे त्याच्या वहीत पहिलं उत्तर त्या प्रश्नाचं, बाकीचं त्यानंतर. माझा निम्मा वेळ वाचतो, कारण कुठे बघायचं ते विद्यार्थ्यानेच सांगितलेलं असतं.